ओला जोड, कोरडा जोड: बोर्निओच्या जंगलात राहायला जाताना

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: मे महिन्यात तुम्ही चौघं, म्हणजे तुम्ही, यजमान, अकरा वर्षांची मुलगी आणि सदुसष्ट वर्षांच्या सासूबाई, मलेशियातल्या सबाहला जाताय. डानम व्हॅलीतल्या लॉजवर तीन रात्री आणि मग किनाबातांगान नदीकाठी सुकाऊला दोन रात्री. रेनकोट कोणता घ्यावा, कपडे किती, जळवांचं काय करायचं, शाकाहारी जेवण मिळेल का, कॅमेरा टिकेल का. सासूबाईंना न्यावं की नाही हे तुम्ही अगदी शेवटच्या ओळीत विचारलंय, पण खरी काळजी तीच दिसते. तिच्याकडे येतोच.

मी अठरा वर्षं पावसाळ्यात आंबोली आणि आगुंब्याला लहान गट घेऊन जातो, आणि २०११ पासून सबाहलाही. तिकडे निघणारे जवळजवळ सगळे पहिला प्रश्न रेनकोटाचाच विचारतात. आंबोलीत वर्षाला ७,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, डानमला साधारण २,८००. म्हणजे आपल्या आंबोलीच्या निम्म्याहूनही कमी. पण आंबोलीचा पाऊस चार महिन्यांत संपतो आणि दसऱ्यानंतर घर, गाद्या, कपाटं उन्हं खातात. डानमला तो बारा महिने विभागून पडतो. तिथल्या जंगलाच्या पोटात हवा कायम ओली असते, सकाळी तर पानापानातून पाणी ठिबकत असतं. त्यामुळे भिजण्याची काळजी मी करतच नाही. पावसाने नाही भिजलात तर घामाने भिजाल. प्रश्न आहे तो वाळण्याचा. तिथे एकदा ओली झालेली वस्तू आपणहून वाळत नाही. हे एकदा मनात पक्कं बसलं की काय घ्यायचं आणि काय घरी ठेवायचं ते बरंचसं आपोआप ठरतं.

माझी आजी सोवळ्याचं लुगडं वेगळ्या वळणीवर काठीने वाळत घालायची, आणि कुणाचा हात लागला तर पुन्हा धुवायची. लॉजवरचा कोरडा जोड मी तसाच पाळतो. सुती, सैल असा एक जोड आणि त्याबरोबर मोज्यांची एक जोडी, हे जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद. दिवसभराची भटकंती संपली, आंघोळ झाली, अंग खडखडीत पुसलं, की मगच ती पिशवी उघडायची. ते कपडे घालून फक्त जेवायचं आणि झोपायचं, जंगलात पाऊल टाकायचं नाही. आणि सकाळी, इथेच माणसं कच खातात, पुन्हा कालचे ओलसर कपडे अंगावर चढवायचे. पहिली दोन मिनिटं अंगावर शहारा येतो. दहा मिनिटं चाललं की फरक उरत नाही. सकाळी मोह होऊन कोरडा जोड घालून बाहेर पडलात तर दुपारपर्यंत तोही ओला होतो आणि रात्री घालायला काहीच राहत नाही. माझ्या पहिल्या खेपेला मी हेच केलं होतं. जीन्सच्या दोन पँटी नेल्या होत्या. दुसऱ्या संध्याकाळी दोन्ही ओल्या, आणि पुढच्या दोन रात्री मी टॉवेल गुंडाळून झोपलो.

म्हणून माणशी हिशेब असा. जंगलात चालायचे दोन जोड: एक अंगावर, एक वाळतोय. एक कोरडा जोड. एक प्रवासाचा जोड, जो परतीच्या विमानापर्यंत उघडायचा नाही. अंतर्वस्त्रं आणि मोजे मात्र पाच-पाच, कारण त्यात कंजूषी केली की मांड्या घासतात आणि पायांना चिखल्या होतात. भात लावणाऱ्या माणसाला विचारा, चिखल्यांनी पाय कसा हुळहुळतो ते. रात्री पाय, विशेषतः बोटांच्या बेचक्या, नीट कोरड्या करून बुरशीवरची पावडर टाकायची आणि सकाळी निघताना तळव्यांना खोबरेल चोळायचं. एवढ्यावर माझ्या गटात चिखल्यांचा त्रास जवळजवळ बंद झालाय.

कोणतं कापड चालेल, याची परीक्षा घरी करता येते. शर्ट-पँट भिजवा, पिळा, बाथरूममध्ये टांगा आणि रात्रभर दार लावून ठेवा. सकाळी जे चिंब राहील ते नेऊ नका. पातळ सिंथेटिक कापड, म्हणजे खेळाडू घालतात त्या जातीचं, या परीक्षेत पास होतं, जाड सुती नापास होतं आणि जीन्सचं तर नावच नको. बाह्या पूर्ण लांब हव्यात. रंग खाकी किंवा फिकट हिरवा, म्हणजे अंगावर काही चढलं तर लगेच दिसतं. खोलीत पंखा असेल तर वाळण्याचं सगळ्यात चांगलं साधन तोच. सात-आठ चिमटे आणि चार मीटर नायलॉनची दोरी न्या, पंख्याखाली बांधा. बाल्कनीत टांगलेले कपडे मात्र संध्याकाळी होते त्याहून ओले मिळतात.

आता रेनकोट. महागडं जॅकेट घेऊ नका. तिथे दिवसा तापमान तिशीच्या आसपास असतं आणि चढावर ते जॅकेट आतून ओलं होतं. मी गुडघ्यापर्यंतचा सैल पाँचो वापरतो, जो पाठीवरच्या सॅकवरूनही येतो. आपल्या कोकणातलं इरलं आठवा. डोकं आणि पाठ झाकते, पुढून वारा खेळतो, हात मोकळे राहतात. ज्यांनी वाकून दिवसभर लावणी केली त्यांनी ते शोधलंय, त्यामागचा विचार अगदी बरोबर आहे. पाँचो नदीवर होडीतही उपयोगी पडतो, कारण पहाटे साडेसहाला किनाबातांगानवर वाऱ्याने चक्क गारठा वाजतो. मुलीसाठी एक पातळ विंडचीटर ठेवा.

पायांत काय घालायचं यावर दोन मतं आहेत. ट्रेकिंगचे चांगले बूट तुमच्याकडे असतील आणि वापरात असतील तर तेच न्या. कपाटात पाच-सात वर्षं पडून असलेले बूट मात्र नेऊ नका. त्यांच्या तळाचं पॉलियुरेथेन दमट हवेत आतून सडलेलं असतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तळवा सुटून येतो. माझ्या गटात दोघांचं असं झालंय, एकाचा तर दोन्ही पायांचा. तिथले वाटाडे आणि हमाल काय घालतात? खिळ्यांसारखे उंचवटे असलेले काळे रबरी बूट, एका साच्यात काढलेले. स्थानिक लोक त्यांना कौतुकाने ‘अदिदास कंपुंग’ म्हणतात. कंपुंग म्हणजे खेडं. लाहाद दातू या डानमच्या जवळच्या शहरात, तिथल्या बाजारात स्वस्तात मिळतात, निसरड्या मुळांवर घट्ट पकडतात आणि नळाखाली धरून झटकले की कामाला तयार. माप मिळालं तर माझं मत त्यांच्या बाजूने आहे. जोडीला पट्ट्याच्या चपला हव्यातच, कारण चिखलाचे बूट पायरीशी काढावे लागतात.

जळवा आंबोलीत तुम्ही पाहिल्या असतील तर निम्मी भीती गेली. डानमला प्रामुख्याने दोन प्रकारच्या. एक तपकिरी, जमिनीवरून पायावर चढते आणि चावलेलं कळत नाही. दुसरी पट्ट्यांची, जिला तिथे वाघजळू अशा अर्थाच्या नावाने ओळखतात. ती झुडपाच्या पानावर कमरेच्या उंचीपर्यंत बसते आणि चावताना चटका बसतो. म्हणून नुसत्या पायांचा बंदोबस्त पुरत नाही. गुडघ्यापर्यंतचे घट्ट विणीच्या कापडाचे जळूमोजे बुटाच्या आत, पँटच्या वरून घालायचे आणि शर्ट पँटमध्ये खोचायचा. मोजे बहुतेक लॉजवर मिळतात, पण मुलीच्या मापाचे मिळतीलच असं नाही. तिचे इथूनच शिवून न्या. जाड मांजरपाटाचे, वर नाडी, बस.

चिकटलेली जळू मीठ, चुना किंवा तंबाखू लावून सोडवायची आपल्याकडे सवय आहे. त्याने ती सुटते खरी, पण सुटताना पोटातलं जखमेत ओकण्याची शक्यता असते. त्यापेक्षा नखाने कडेने सरकवून तिचं तोंड सोडवावं. जळूच्या लाळेत रक्त गोठू न देणारा पदार्थ असतो, त्यामुळे नंतर बराच वेळ रक्त झिरपत राहतं. ते पाहून घाबरू नये, साबणाने धुवावं आणि पट्टी लावावी. इथे एक गोष्ट महत्त्वाची: सासूबाईंना हृदयासाठी ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी दुसरी गोळी चालू आहे का? असेल तर हे झिरपणं पुष्कळ लांबतं. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. डॉक्टरांना आधी विचारायचं आणि त्यांच्यासाठी दाबपट्टीचं सामान वेगळं ठेवायचं.

आजारांबद्दल मी फक्त अनुभव सांगू शकतो, औषध तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. महिनाभर आधी जा, कारण काही लसींना वेळ लागतो. दोन गोष्टी त्यांना आवर्जून सांगा. पहिली, सबाहच्या जंगलात माकडांमधला मलेरिया डासांमार्फत माणसालाही होतो, त्याला नोलेसी मलेरिया म्हणतात. म्हणून संध्याकाळ पडण्याआधी पूर्ण बाह्या आणि डासांचं मलम हे ठरलेलं. मलमात डीट असेल तर ते प्लॅस्टिक खातं. घड्याळाची काच, दुर्बिणीची पकड, चष्म्याची फ्रेम याला बोटं लावण्याआधी तळहात पुसा. सनस्क्रीन लावायचंच असेल तर आधी ते, वर मलम.

दुसरी गोष्ट लेप्टो. कोकणातल्या आणि मुंबईतल्या माणसाला हा शब्द समजावून सांगायला नको. २००० साली सबाहमध्ये एक मोठी साहसी शर्यत झाली. तिच्यातले अनेक स्पर्धक नंतर लेप्टोने आजारी पडले आणि तपासात सेगामा नदीत पोहणं हे धोक्याचं कारण निघालं. डानमच्या जंगलालगत वाहते ती हीच सेगामा. धबधब्याखाली डुंबायला नेतात तेव्हा वाटाड्या काय म्हणतो ते ऐका, पण पायावर जळूच्या ताज्या जखमा असताना मी स्वतः पाण्यात उतरत नाही, आणि मुलांना तर उतरूच देत नाही. परतल्यावर तीन-चार आठवड्यांत ताप आला तर ‘पावसाळी ताप’ म्हणून अंगावर काढू नका. डॉक्टरांना जंगलाचं नाव घेऊन सांगा. किनाबातांगानमध्ये पोहण्याचा प्रश्नच नाही, तिथे मगरी आहेत.

कॅमेऱ्याकडे वळतो. लेन्सवर बुरशी बसते ती एका रात्रीत नाही, पण पाच दिवस ओली बॅग तशीच बंद राहिली तर पाया तिथेच पडतो. झाकणाचा हवाबंद डबा आणि सिलिका जेलच्या मोठ्या पुड्या न्या. रंग बदलणारे दाणे असले तर बरं, ओलावा भरला की कळतं. खोलीत एसी असेल तर दुसरा त्रास: थंड खोलीतून कॅमेरा बाहेर काढला की काचेवर दव जमतं आणि समोर ओरांगउटान असताना तुम्ही काच पुसत बसता. निघण्याआधी अर्धा तास कॅमेरा बंद पिशवीतच बाहेर ठेवा. चार्जर लावायला तीन चौकोनी पिनांचा, ब्रिटिश पद्धतीचा अडॅप्टर लागतो, आपली गोल पिन जात नाही. दोन न्या.

पण खरं सांगू, चौघांत एक कॅमेरा आणि चार दुर्बिणी असाव्यात. डानमची झाडं आपल्या कल्पनेच्या पलीकडे उंच आहेत. मेरांती जातीचं १००.८ मीटरचं एक झाड २०१९ साली तिथेच मोजलं गेलं, कुतुबमिनार ७३ मीटरचा आहे. गिबन, धनेश, लाल माकडं, सगळा संसार वर फांद्यांत. दुर्बीण नसेल तर तुम्हाला हलणारी पानं दिसतील आणि मान दुखेल. आठ पट मोठं दाखवणारी साधी दुर्बीण पुरते, दहा पटीचीत हात थरथरतो. मुलीला हलकी द्या, आणि जायच्या आधी महिनाभर गॅलरीतून पोपट-कावळे शोधायला लावा. तिथे पोहोचून दुर्बीण शिकायची म्हटलं की पहिले दोन दिवस त्यातच जातात. रात्रीच्या फेरीसाठी प्रत्येकाला डोक्याला बांधायचा दिवा हवाच.

जेवणाचं मला फार लिहायचं नाही. लॉजवर बुफे असतो, शाकाहारी असल्याचं आरक्षण करतानाच कळवा. फक्त एक ध्यानात ठेवा: मलेशियात हिरव्या भाजीतही बलाचान, म्हणजे कोळंबीसारख्या जवळ्याचा वाटलेला खार, घालायची पद्धत आहे. ‘मांस नको’ म्हटलं की तो गेला असं होत नाही. आचाऱ्याला बलाचान हे नाव घेऊनच सांगा. मेतकूट, दाण्याची चटणी, लाडू हे घट्ट फिरकीच्या डब्यातच. खोलीत उघडा पुडा राहिला तर रात्री मुंग्यांची रांग आणि सकाळी खिडकीशी माकडं. तेलाचं लोणचं नकोच.

सामान कशात भरायचं? चाकांची कडक बॅग लाहाद दातूच्या विमानतळापर्यंत ठीक. तिथून डानमला खडीच्या रस्त्याने दोन-अडीच तास, आणि सुकाऊला शेवटचा टप्पा होडीत. मऊ बॅगा बऱ्या, माणशी एक, आणि आत प्रत्येक गोष्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत. बॅगेला बाहेरून कव्हर घालून भागत नाही, ओल आतूनच येते. जास्तीचं सामान सबाहची राजधानी कोटा किनाबालू इथल्या हॉटेलात ठेवून येता येतं, बहुतेक जण ठेवून घेतात. क्वालालंपूरहून आलात तरी सबाहमध्ये पुन्हा पासपोर्ट तपासतात, तो हाताशी असू द्या. डानममध्ये मोबाइलची रेंज धरून चालू नका, पैसे काढायला यंत्र नाही, थोडे रिंगिट आधीच काढा. मोठं रुग्णालय म्हणजे लाहाद दातूच, त्यामुळे रोजच्या गोळ्या पाच दिवसांऐवजी दहा दिवसांच्या, दोन वेगळ्या बॅगांत.

आता सासूबाई. त्या येऊ शकतील की नाही हे वयावर नाही, गुडघ्यांवर आणि हौसेवर अवलंबून आहे. त्या दोन मजले न थांबता चढतात का? ओल्या फरशीवर आधाराशिवाय चालतात का? दोन्हीला ‘हो’ असेल तर जरूर न्या. ‘जिना चढतात, पण धरून’ असं असेल तरी न्या, फक्त बेत बदला. डानमच्या मोठ्या पायवाटा त्यांच्यासाठी नाहीत. लॉजजवळ छोटी, लाकडी फळ्यांची वाट असते का ते आधी विचारा आणि त्यांची पहाट तिथे ठेवा. उंच झाडांना बांधलेला झुलता पूल जमिनीपासून पंचवीस मीटरहून उंच आहे, तिथे त्यांनी ‘बघू’ म्हटलं तर आग्रह करू नका. पण किनाबातांगान मात्र जणू त्यांच्यासाठीच आहे. सगळं बसून, होडीतून. लांब नाकाची माकडं संध्याकाळी नदीकाठच्या झाडांवर झोपायला येतात आणि नशीब असेल तर बुटके हत्ती पाण्यावर येतात. म्हणूनच तुमच्या तीन आणि दोन रात्रींची मी उलटापालट केली असती: डानमला दोन, सुकाऊला तीन. आरक्षण बदलता येत असेल तर विचार करा. नसेल तर डानमच्या एका दुपारी त्यांना व्हरांड्यात खुर्ची, दुर्बीण आणि चहा देऊन खुशाल बसवून ठेवा. माझ्या गटातल्या एका आजींनी अशाच व्हरांड्यातून दुपारभरात जे पाहिलं, ते आम्ही चार तास चिखल तुडवून पाहिलेल्यापेक्षा जास्त होतं.

त्या रोज साडी नेसत असतील तर चालण्यापुरती सैल पँट आणि लांब कुर्ता, ओढणीशिवाय. साडीच्या निऱ्यांत जळू शिरली तर सापडत नाही. हे त्यांना तुम्ही नको, नातीला सांगू द्या. महिनाभर दोघींनी मिळून संध्याकाळी जिने चढावेत, बूट घालून, आणि आठवड्यातून एकदा ते बूट नळाखाली भिजवून. ओल्या बुटात पाय कुठे घासतो हे घरीच कळलेलं बरं.

एक बारीक गोष्ट राहिली. संध्याकाळी सहाच्या सुमाराला तिथे एक मोठी रातकिड्यासारखी सिकाडा इतक्या जोरात ओरडते की नव्या माणसाला वाटतं यंत्र बिघडलंय. तिला सहा वाजताची सिकाडाच म्हणतात. मुलीला आधी सांगून ठेवा म्हणजे ती दचकणार नाही, घड्याळ लावून वाट पाहील. रात्रीही जंगल गप्प नसतं. सासूबाईंची झोप हलकी असेल तर कानात घालायचे बोळे त्यांच्या कोरड्या पिशवीत, मोज्यांच्या जोडीशेजारी ठेवा.